सीझरचा पाय

या सदरात आजवर आपण मुलांचे खोकले, सासूबाईंचे गुडघे, दहावीचे निकाल आणि लोणच्यावर येणारी बुरशी अशा नाना गोष्टींवर बोललो. यावेळी एका कुत्र्याविषयी बोलायचे आहे. कुणाला नवल वाटेल, कुणी पान उलटील. पण गेल्या पंधरवड्यात एक वाचक कुटुंब आपल्या डॉबरमनचा एक्स-रे काखेत मारून आमच्या घरी आले आणि 'तुम्ही सीझरच्या वेळी काय काय केले ते सगळे सांगा' म्हणून बसले. दोन तास बोलणे झाले, दोनदा चहा झाला. त्यांना जे सांगितले तेच इथे लिहीत आहोत, कारण ते आम्हाला वेळेवर सांगणारे कुणी नव्हते.

सीझर आमच्या घरी आला तो २०१६ साली. आमचे मेहुणे एका मोठ्या साहेबांकडे ड्रायव्हर होते. साहेबांची बदली झाली, नव्या गावी फ्लॅट मिळाला आणि दोन वर्षांचा कुत्रा नकोसा झाला. मेहुण्यांनी तो गाडीत घालून थेट नागपूरला आमच्या दारात उतरवला. जर्मन शेफर्ड, वजन अडतीस किलो. (येणारा-जाणारा पहिला प्रश्न करी, 'याची जात कोणती?' लोक कुत्र्यालाही सोडत नाहीत.) नाव साहेबांनी ठेवलेले, ते आम्ही तसेच चालू दिले. आमच्या आईच्या जिभेवर मात्र ते कधी बसले नाही. ती त्याला 'शिजर' म्हणे आणि तो तिच्याच हाकेला सर्वांत आधी येई.

२०२२ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस तो पुढच्या डाव्या पायाने लंगडू लागला. पावसाचे दिवस होते. मांजरीमागे धावताना ओट्यावरून घसरला असेल असे सर्वांचे मत पडले. आईने हळद-चुन्याचा लेप लावला. आठ दिवसांत फरक पडला नाही तेव्हा एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पाय दाबून पाहिला, मुरगळला आहे म्हणाले, सुई दिली. चार दिवस लंगडणे थांबले आणि पाचव्या दिवशी पुन्हा सुरू झाले. पुन्हा सुई, पुन्हा चार दिवस. असे करता करता महिना गेला. एक्स-रे काढू या असे त्यांनी म्हटले नाही आणि आम्हीही म्हटले नाही.

त्याच महिन्यात आमच्या हातून जी चूक झाली ती इथे कबूल केली पाहिजे. एका रात्री तो फार धापा टाकत होता, म्हणून आईच्या गुडघ्यासाठी आणलेली आयबुप्रोफेनची गोळी आम्ही पोळीच्या तुकड्यात घालून त्याला दिली. दुसऱ्या दिवशीही दिली. तिसऱ्या दिवशी त्याला डांबरासारखी काळी शी झाली. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडे बिघडतात. पॅरासिटामॉलही मनाने द्यायचे नाही, त्याने यकृताला इजा होते. माणसाला मानवते ते कुत्र्यालाही मानवेल असे समजू नका. कुत्र्याची वेदनाशामके वेगळी आहेत आणि त्यांचा डोस वजनावर ठरतो. सीझर त्यातून वाचला तो नशिबाने.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सौ. त्याला आंघोळ घालीत होती. मनगटाच्या वर, हाडालाच चिकटलेली, कच्च्या लिंबाएवढी टणक गाठ तिच्या हाताला लागली. ती नुसती लागली तरी त्याने पाय ओढून घेतला. एरवी हा कुत्रा नखे कापताना झोपी जाणारा. दुसऱ्याच दिवशी त्याला मोठ्या रुग्णालयात नेले.

तिथल्या डॉक्टर बाई वयाने आमच्या थोरल्या मुलीएवढ्या असतील. एक्स-रे उजेडासमोर धरून त्यांनी आम्हाला बोटाने दाखवले. चांगले हाड कसे गुळगुळीत पांढऱ्या रेघेने बांधलेले दिसते आणि हे हाड कसे दाराच्या चौकटीला वाळवी लागल्यासारखे आतून पोखरले आहे. शिवाय बाहेरच्या बाजूला लहान मुले सूर्य काढतात तशा हाडाच्या काड्या फुटल्या आहेत. सुईने गाठीतला नमुना घेतला, रक्त घेतले, छातीचे एक्स-रे काढले. चार दिवसांनी नाव कळले, ऑस्टिओसार्कोमा. हाडाचा कर्करोग.

बाईंनी जे समजावले ते आम्ही वहीत लिहून ठेवले होते. हा रोग मोठ्या अंगाच्या कुत्र्यांचा. ग्रेट डेन, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड, जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर, डॉबरमन अशांना तो होतो. घरातल्या लहानशा पॉमेरेनियनला सहसा होत नाही. वय बहुधा सात ते दहा वर्षांचे. जागाही ठरलेल्या. शिकताना त्यांना एक खूण पाठ करायला लावतात म्हणे : कोपरापासून दूर, गुडघ्याच्या जवळ. म्हणजे पुढच्या पायात मनगटाच्या वर किंवा खांद्याशी, आणि मागच्या पायात गुडघ्याच्या आसपास. माणसांतही हा रोग आहे, पण तो मुख्यतः वाढत्या वयातल्या मुलामुलींना होतो. हे ऐकून आमच्या अंगावर काटा आला. तेव्हा मोठ्या कुत्र्याचे लंगडणे दहा दिवसांत गेले नाही तर सुया टोचत बसू नका, एक्स-रे काढा. आमचा महिना फुकट गेला.

मग मुख्य गोष्ट. बाई म्हणाल्या, 'तो पाय टेकतो म्हणजे दुखत नाही असे समजू नका. आतून हाड फुगते आहे. कुत्री ओरडत नाहीत. रात्री धापा टाकतात, जागा बदलत राहतात, पाय चाटत राहतात, माणसांपासून दूर जाऊन निजतात.' यातले एकेक लक्षण आम्ही महिनाभर डोळ्यांनी पाहिले होते. आणि पोखरलेले हाड एखाद्या दिवशी ओट्यावरून उतरतानाही मोडू शकते. तसे मोडलेले हाड जुळत नाही.

उपाय विचारला. खांद्यापासून पाय काढणे.

त्याने बरा होईल का? नाही. बाईंनी हे स्पष्ट सांगितले आणि त्याबद्दल आम्ही आजही त्यांचे ऋणी आहोत. छातीचा एक्स-रे स्वच्छ दिसला तरी दहापैकी नऊ कुत्र्यांत रोगाचे बी, डोळ्यांना न दिसणारे, तोवर फुप्फुसात पडलेले असते. नुसता पाय काढला तर निम्मी कुत्री चार-पाच महिन्यांत जातात. पाय काढून वर कीमोथेरपी दिली तर निम्मी दहा महिने ते वर्षभर काढतात. पाचातले एखादे दोन वर्षे गाठते. 'मग पाय काढायचाच कशाला?' आम्ही विचारले. बाई म्हणाल्या, 'दुखणे त्या पायात आहे. दुखणे काढायला.'

पाय न काढता वेदनाशामकांवर ठेवणे, हाड टिकवण्यासाठी शिरेतून औषध देणे, किरणोपचार असे मार्गही आहेत. किरणोपचार आमच्या आवाक्यातले नव्हते. गोळ्यांवर काही आठवडे निघाले असते.

घरी आलो आणि भांडण झाले. मुलगा म्हणाला, त्याला आताच सुई देऊन शांत करू. धाकटी रडत उठून गेली. सौ. काही बोलेना. आणि आई, जिला आम्ही या बाबतीत विचारणारसुद्धा नव्हतो, ती सर्वांत जास्त चिडली. 'जीव काऊन घेता त्याचा? आन् पाय तोडून लंगडं करून ठेवता काय त्याले? त्याले लाज वाटन ना!'

कुत्र्याला लाज वाटेल यावर मुलगा हसला. आम्हाला हसू आले नाही, कारण आई कुणाविषयी बोलते आहे हे आम्हाला ठाऊक होते. आईच्या सख्ख्या भावाचा, आमच्या मामांचा पाय तरुणपणी गिरणीत गेला. पुढे ते तीस वर्षे जगले, पण त्यांना उभे असलेले आम्हाला आठवत नाही. दारातल्या बाजेवर बसलेले असत. रस्त्याने कुणी येताना दिसले की गुडघ्याखालच्या रिकाम्या जागेवर घोंगडी ओढून घेत. पाहुणे गेले तरी घोंगडी काढीत नसत. लग्नकार्याला गेले नाहीत, सभेला गेले नाहीत. भावाला जेवायला वाढणारी आमची आई ते सारे रोज पाहत होती.

शेजारीही बोलले. आमच्या गल्लीत एक गुरुजी आहेत, सेवानिवृत्त, मुलांना फुकट शिकवतात, म्हणजे त्यांच्या शब्दाला वजन आहे. ते म्हणाले, 'या पैशात दोन पोरांची वर्षाची फी भरली असती.' त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. आम्हीही ती बेरीज रात्री कितीदा केली होती. उत्तर आमच्याजवळ तेव्हा नव्हते, आताही पुरते नाही. एवढेच म्हणता येईल की फी मागायला कुणी दारात आलेले नव्हते, आणि हा दारातच बसला होता, पाय वर धरून.

हिशेब लपवत नाही. तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधे, कीमोचे चार डोस मिळून आमचे एकेचाळीस हजार रुपये गेले. त्यातले अठरा हजार नव्या कूलरसाठी ठेवलेले होते, बाकी पतसंस्थेचे कर्ज. सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत खर्च बराच कमी येतो. मुंबईचे महाविद्यालय १८८६ चे, परळला आहे. नागपूरचे १९५८ चे. त्याखेरीज परभणी, उदगीर, शिरवळ इथेही आहेत. आधी तिथे विचारा. लाज बाळगू नका.

डॉक्टर बाईंनी आणखी एक तपासणी केली. उरलेले तीन पाय, कंबर आणि कोपर नीट आहेत का ते पाहिले. कुत्र्याच्या वजनातला साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. तेव्हा पुढचा पाय काढायचा तर उरलेला पुढचा पाय आणि मागची कंबर मजबूत हवी. सांधे आधीच झिजलेले असतील, कुत्रे लठ्ठ असेल, तर विचार दहादा करावा लागतो. आमच्या सीझरचे ठीक निघाले. बाई म्हणाल्या, 'तो आताच तीन पायांवर चालतो आहे. चौथा नुसता दुखायला ठेवला आहे.' या वाक्याने आमचा निर्णय झाला. आईचा झाला नाही. ती दोन दिवस आमच्याशी बोलली नाही.

२७ सप्टेंबर २०२२. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवलेल्या कुत्र्याला आम्ही चौघांनी ऑटोत बसवले. बाहेरच्या बाकावर अडीच तास बसलो. पुढचा पाय काढताना खांद्याचे फावड्यासारखे हाडही काढतात. ठेवले तर वरचे मांस झडून ते कातडीखाली टोचत राहते. हे आम्हाला सांगितले होते, पण सांगणे वेगळे आणि पाहणे वेगळे. एका बाजूची सगळी लव काढलेली, मानेजवळून छातीपर्यंत बारदान शिवावे तशी टाक्यांची लांब रेघ, आणि त्या बाजूला काहीच नाही. सौ.ने तोंड फिरवले. तुम्हीही फिरवाल. म्हणून लहान मुलांना पहिल्या दिवशी नेऊ नका.

पहिली रात्र वाईट गेली. तो अधूनमधून मान वर करून असा काही हेल काढी की गल्लीतले दिवे लागले. फोन केला. भुलीच्या आणि वेदनेच्या औषधांची गुंगी उतरताना असे होते, त्याला उजेडाचा त्रास देऊ नका, जवळ बसा, असे उत्तर मिळाले. तिसऱ्या दिवशी पोटाखालची कातडी निळी-जांभळी झाली तेव्हा पुन्हा फोन केला. ते साकळलेले रक्त खाली उतरते, आठवड्यात जाते. टाक्यांच्या खालच्या टोकाला पाण्याची गाठ आली तर तीही बहुधा जिरते. ती गरम लागली, वास आला किंवा ताप आला तर मात्र थांबायचे नाही. आम्ही दिवसाला तीन-तीन फोन केले. बाई एकदाही चिडल्या नाहीत.

आणि तो उभा राहिला कधी? दुसऱ्या दिवशी सकाळी. आम्ही टॉवेल, पट्टा, माणसे अशी सगळी तयारी करीत होतो, तेवढ्यात हा धडपडत उठला, एकदा नाकावर पडला, पुन्हा उठला आणि पाण्याच्या भांड्यापर्यंत गेला. आम्ही टॉवेल हातात धरून बघत राहिलो.

पुढचे काही कामाचे. आमच्या घरात गुळगुळीत टाइल्स आहेत, त्यावर तीन पायांचे कुत्रे बर्फावर चालल्यासारखे घसरते. सतरंजी टाकली तर ती त्याच्यासकट घसरते. दारात टाकतात ती रबराची पायपुसणी सोळा आणली आणि झोपायच्या जागेपासून अंगणापर्यंत रस्ता केला. ओट्याच्या तीन पायऱ्यांवर जाड फळी टाकून तिला बारदान ठोकले. अन्नपाण्याची भांडी स्टुलावर ठेवली, नाही तर खाली वाकताना सगळा भार एका पायावर येतो. वस्तीतल्या टेलरने मुलाच्या जुन्या जीनच्या पँटची झोळी शिवून दिली : जखमेच्या मागून, पोटाखालून जाणारी रुंद पट्टी आणि वर धरायला दोन बंद. पैसे घेतले नाहीत. गळ्यात घालायचा प्लास्टिकचा भोंगा त्याने पहिल्या रात्रीच भिंतीवर आपटून फोडला. मग धाकटीने आपल्या आजोबांची सुती बनियन त्याला चढवली, तीत जखम झाकली गेली, चाटणे थांबले. सुरुवातीला त्याने दीड दिवस लघवी धरून ठेवली. पाय वर करायची सवय, आणि आता वर करायचा कसा हा प्रश्न. तो त्याचा त्याने सोडवला. बसून करू लागला.

वजन वाढू द्यायचे नाही हे बाईंनी बजावले होते. अडतीसचा चौतीसवर आणला. घरातल्या प्रत्येकाचा 'एक घास' बंद केला. हे सर्वांत कठीण गेले.

आता आईचे. ती पहिले दोन दिवस त्याच्या खोलीत गेली नाही. तिसऱ्या दिवशी गेली आणि मग उठली नाही. त्याच्याजवळ चटई टाकून बसे. बघायला माणसे येतच होती, गल्लीत असा प्रकार पहिलाच. दारात कुणी दिसले की आई आपली गोधडी त्याच्या त्या बाजूवर ओढी. बनियनीवरून गोधडी. तो ती झटकून टाकी आणि शेपूट हलवत पाहुण्यापाशी जाई. आई पुन्हा त्याला बोलावी, पुन्हा झाकी. पुन्हा तो झटकी. आठ-दहा दिवस हा खेळ चालला. टाके काढले त्या दिवशी बनियनही निघाली. दुपारी गुरुजी आले, तेच फीवाले. सीझर उडी मारून उठला आणि आपली ती उघडी बाजू खाजवून घेण्यासाठी सरळ त्यांच्या गुडघ्याला घासू लागला.  गुरुजी गडबडले, मग खाजवू लागले. आई गोधडी हातात धरून बघत होती. म्हणाली, 'याले तं काही लाजच नाही वाटत, बाप्पा!'

आणि घडी घालून गोधडी आत ठेवून आली. त्या संध्याकाळी किती वर्षांनी ती मामांविषयी बोलली. रात्री उशिरापर्यंत बोलत होती.

टाके निघाल्यावर ऑक्टोबरच्या मध्याला कीमो सुरू झाली. औषध कार्बोप्लॅटिन, दर तीन आठवड्यांनी शिरेतून, असे चार डोस. हे माणसांचेच औषध, तेव्हा माणसांच्या औषधाच्या दुकानातून आणावे लागले. दुकानदाराने चिठ्ठी न वाचताच विचारले, 'पेशंटचे नाव?' आम्ही म्हटले, 'सीझर.' 'वय?' 'आठ.' त्याचा हात थांबला. 'एवढंसं पोरगं,' म्हणाला आणि बिलातून काही रक्कम कमी करू लागला. खरे सांगावे लागले. चार शब्द ऐकावे लागतील अशी आमची तयारी होती. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, 'असू द्या, कमी केले ते केले.'

कुत्र्यांत कीमोचा डोस असा ठेवतात की त्रास बेताचा व्हावा. सीझरचे केस गळले नाहीत. ते पूडलसारख्या सतत केस वाढणाऱ्या कुत्र्यांचे जास्त गळतात. पहिल्या डोसनंतर तिसऱ्या दिवशी दोन उलट्या झाल्या, मग दर वेळी आधीच उलटीचे औषध मिळाले. रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली जातात, म्हणून प्रत्येक डोसाआधी रक्त तपासायचे, आणि मधल्या काळात ताप किंवा मरगळ आली तर लगेच दाखवायचे. एक खबरदारी घरातल्यांसाठी. डोसानंतरचे काही दिवस त्याची शी-लघवी हातमोजे घालून साफ करायची, आणि गरोदर बाईने त्या कामाला हात लावायचा नाही. आमची थोरली त्याच सुमारास बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिला त्याचे फार वेड. ती खिडकीतून त्याच्याशी बोले.

डिसेंबरमध्ये शेवटचा डोस झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये घरात नात आली. सीझर तोवर तीन पायांवर असा धावू लागला होता की दूधवाला पुन्हा फाटकाबाहेरूनच हाक मारू लागला. चालताना मान वरखाली होई, लांब फिरवले की दमे. म्हणून एक मोठी फेरी बंद करून तीन लहान फेऱ्या केल्या. तो उन्हाळा जुन्याच कूलरवर काढला. नवी खस घातली, मोटर दुरुस्त करून घेतली, आणि समोरची जागा कुणाची हे ठरलेलेच होते. मे महिन्यात दुपारी त्या कूलरसमोर नात, आई आणि सीझर एका ओळीत निजलेले असत आणि आम्ही पंख्याखाली.

दर दोन-तीन महिन्यांनी छातीचा एक्स-रे काढत होतो. ऑगस्ट २०२३ पर्यंत स्वच्छ होता. ऑक्टोबरच्या एक्स-रेत फुप्फुसात कापसाच्या बोंडासारखे पांढरे गोल दिसले, पाच-सहा. खोकला नव्हता, जेवण चालू होते. बाई म्हणाल्या, जोवर खातो आहे आणि तुमच्या हाकेला उठतो आहे तोवर काही करू नका. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने अंडे नाकारले. मग श्वास पोटातून येऊ लागला, निजता येईना, मान ताणून बसून राही. 'जीव काऊन घेता' म्हणणारी आईच त्या रात्री त्याच्याजवळ बसली होती. पहाटे तिने आम्हाला उठवले. 'त्याले झोपता येत नाही रे. बाईले फोन कर.'

बाई घरी आल्या. त्याचे डोके आईच्या मांडीवर होते. पाय काढल्यापासून तेरा महिने आणि वीस दिवस झाले होते.

गुरुजी संध्याकाळी येऊन बसले. काही बोलले नाहीत. पुढच्या जूनमध्ये त्यांच्या शिकवणीतल्या एका मुलीची फी भरायची होती, तेव्हा त्यांनी आम्हालाच सांगितले आणि आम्ही ती दोन हप्त्यांत भरली. पतसंस्थेचे कर्ज त्याआधी महिनाभर फिटले होते.

ते डॉबरमनवाले कुटुंब निघताना घरातल्या बाईंनी विचारले, 'तुम्हाला पुन्हा करावे लागले तर कराल?' आम्ही विचार करीत होतो. आई आतून म्हणाली, 'एक महिना आधी करीन.'

त्यांच्या कुत्र्याची कंबर आधीच झिजलेली निघाली आहे, तेव्हा त्यांचा निर्णय वेगळा होऊ शकतो. तपासणी या आठवड्यात आहे. सोळापैकी अकरा रबरी पायपुसणी आणि फळी त्यांना दिली. झोळी त्यांना लहान होते. ती धुऊन, बंद नवे लावून साप्ताहिकाच्या कार्यालयात ठेवली आहे. तीस ते चाळीस किलोच्या कुत्र्याला बसेल. कुणा वाचकाला लागली तर खुशाल घेऊन जावी, परत करण्याची घाई नाही.